विंचरले नाहीस का गं?

विंचरले होते. विंचरले होते, धुतले होते, त्यासाठी रविवार असून सकाळी साडेपाचला उठले होते, आणि अडीचशे ठरलेले असताना साडेसातशे रुपये मोजून आले होते. तरी नणंदेच्या साखरपुड्याला हॉलच्या दारात, पायातली चप्पल निघायच्या आत, मावशींनी चारचौघांत विचारलंच, "अगं, केस विंचरले नाहीस का गं?"

तेव्हा गप्प बसले, कारण सासरचं कार्य होतं. आता बोलते.

मला फक्त टोकं सारखी करून हवी होती. अर्धा इंच. वर ब्लो ड्राय, म्हणजे निदान संध्याकाळपर्यंत फोटोत बरी दिसेन. डोंबिवलीत गल्लोगल्ली पार्लर आहेत, त्यातल्या बऱ्यापैकी वाटणाऱ्या एकात गेले. खुर्चीत बसल्यावर त्या मुलीने माझी एक बट दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचलली. बाथरूमच्या जाळीतून केसांचा गुंता काढताना धरतो ना, तशी. आणि शेजारी फेशियलला बसलेल्या बाईलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ताई, केस खूपच रफ आहेत हो. काही करत नाही का तुम्ही?"

काही करत नाही! तीस वर्षं दुसरं काय करतेय मी?

पुढे ऐका. "व्हॉल्यूम फार आहे, थोडा कमी करून देते," म्हणाली, आणि मी "थांब" म्हणेपर्यंत तिने ती दातेरी कात्री कानामागे घातलीसुद्धा. करकर करकर. दोन्ही बाजूंनी. ज्यांचे केस माझ्यासारखे कुरळे आहेत त्यांच्या अंगावर हे वाचूनच काटा येईल. सरळ केसांत थिनिंग केलं तर ते हलके होऊन खाली पडतात. आमच्यात ते बोटभर लांबीचे तुकडे ताठ उभे राहतात आणि वरच्या लांब केसांना आतून बाहेर ढकलतात. व्हॉल्यूम कमी होत नाही, दुप्पट होतो. पार्लर चालवणाऱ्यांना एवढं कळू नये? नसेल कळत तर हात लावण्याआधी विचारा. माझ्या डोक्यावरचे केस आहेत ते, तुमच्या शिकाऊ मुलींचा सराव नाही.

आणि स्वतःच करून ठेवलेल्या त्या शिप्तराकडे बोट दाखवून मालकीणबाई काय म्हणतात? "केराटिन करून घ्या ना. ऑफरमध्ये साडेसहा हजार, एरवी नऊ. पावसाळाभर बघायला नको." केस सरळ करायला साडेसहा हजार! माझ्या मुलीच्या स्कूलबसचे चार महिन्यांचे पैसे आहेत ते. मी विचारलं, "त्यात असतं काय?" "केराटिनच असतं ताई. प्रोटीन. केसांचं खाणं." "बाटली दाखवा," म्हटलं. बाटली आली नाही. आतल्या खोलीत आहे म्हणे.

खाणं नाही हो ते. केस मुळात केराटिनचाच बनलेला असतो, वरून प्रोटीन चोपडून तो सरळ होत नाही. त्याला सरळ करतं ते रसायन आणि त्यावरून फिरवलेली दोनशे अंशांच्या वर तापलेली इस्त्री. कित्येक ब्रँडमध्ये तापल्यावर फॉर्माल्डिहाइड सुटतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलेलं आहे. मग "फॉर्माल्डिहाइड-फ्री" आलं, त्यात ग्लायॉक्सिलिक ॲसिड. मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या बाईची हकीकत छापून आली होती. तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली, त्या क्रीममध्ये हेच ॲसिड होतं. हे सगळं ती मालकीण मला सांगणार नाही, कबूल. पण बाटली मागितल्यावर दाखवायला काय हरकत होती?

त्या मुलीवर माझा तेवढा राग नाही. एसीसाठी खिडक्या बंद केलेल्या त्या खोलीत तो धूर दिवसभर नाकात घेणारी तीच आहे, तोंडाला साधा कापडी मास्क लावून. महिन्याला अमुक इतक्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात केराटिन मारायचं, हे तिला वरून सांगितलेलं असणार. राग आहे तो आधी आपल्याला लाजवायचं आणि मग त्या लाजेचे पैसे लावायचे, या धंद्यावर.

बिल साडेसातशे. "कट वेगळा, थिनिंग वेगळं, सिरम वेगळं." न मागितलेल्या थिनिंगचेही पैसे घेतले! मी भांडले, पण मुहूर्ताची वेळ होत आली होती.

पार्लर ते हॉल रिक्षाने बारा मिनिटं. पाऊस नव्हता, नुसती जुलैतली हवा, टॉवेलही वाळत नाही असली. ब्लो ड्रायने केस सरळ होतो तो केसातले पाण्यामुळे तुटणारे-जुळणारे बारीक बंध नव्या जागी जुळवून. हवेतला ओलावा लागला की ते बंध पुन्हा मूळच्या जागी. हे मला माहीत होतं, तरी पैसे घातले, कारण फोटो होते. पत्रीपुलाच्या आसपास कानाजवळचे उठायला लागले आणि हॉलच्या पायऱ्या चढेपर्यंत सगळं टोपलं फुललं. मग मावशी.

"विंचरले नाहीस का गं?" हा एक प्रश्न मी माझ्या आयुष्यातून कायमचा हद्दपार करणार आहे. शाळेत बाई प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढून विचारायच्या. आई बिचारी रोज तेलाने चप्प बसवून, लाल रिबिनी बांधून, डोळे ताणले जातील एवढ्या घट्ट दोन वेण्या घालायची, आणि दुसऱ्या तासाला कपाळावर कोंबडीची पिसं उभी. फणी फिरवली की वाढायचे. वाढले की पुन्हा फणी. लग्नाच्या वेळी बघायला आलेल्यांपैकी एका काकूंनी माझ्या आईला बाजूला घेऊन "स्मूदनिंग करून घ्या एकदा" असं सांगितलं होतं. ती काकू मला अजून आठवते, तिच्या नेकलेससकट.

तीस वर्षांत एकानेही सांगितलं नाही की हे केस राठ नाहीत, कुरळे आहेत. कोरडे विंचरले की कुरळ्या केसांची प्रत्येक बट फुटते आणि केस सुटा सुटा होऊन पिंजारतो. म्हणजे मला आयुष्यभर जो उपाय सांगितला गेला, तोच रोग होता! संताप होतो, अक्षरशः संताप.

आणि हे कळायला काय लागलं? पैसे तर नाहीच. बाजारातलं "कर्ल क्रीम" दोनशे मिलीला सातशे-आठशे रुपये. मोठे केस असलेल्या बाईला ते महिनाभरही पुरत नाही. घरगुती म्हणून मी काय काय नाही केलं. केळं लावलं, तीन दिवस डोक्यातून तुकडे निघत होते. अंडं लावून गरम पाण्याने धुतलं, ते केसातच शिजलं. मेंदीने तर आणखी खराटा झाला. व्हिडिओत सांगणारीचे स्वतःचे केस रेशमाच्या लडीसारखे, आणि ही आम्हाला कांद्याचा रस लावायला सांगणार. असले व्हिडिओ दिसले की फोन फेकून द्यावासा वाटतो.

जे खरंच चाललं ते जवळजवळ फुकटात पडणारं आहे, म्हणूनच कुणी विकत नाही. न्हाण्याआधी तासभर खोबरेल तेल. नंतर नाही, आधी. केसातलं प्रोटीन धुताना कमी झिजतं, असं २००३ साली मुंबईतल्याच संशोधकांनी छापलंय. ते तेलवाल्या कंपनीतले होते हे खरं, पण माझा अनुभवही तोच आहे. साधं दीडशे रुपयांचं कंडिशनर, भरपूर, आणि ते केसात असतानाच मोठ्या दातांच्या फणीने गुंता काढायचा. त्यानंतर दुसऱ्या न्हाण्यापर्यंत फणी कपाटात. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, नवऱ्याचा जुना सुती टीशर्ट घेऊन दाबून पाणी टिपायचं. आणि जवस. दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गॅस बंद, आणि कडकडीत असतानाच जुन्या ओढणीतून गाळायचं. गार झालं की गाळणं संपलं, चिकटून बसतं. ओल्या केसांना ते बोटांनी लावून मुठीत चुरगाळायचं आणि मग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पाव किलो जवसात दोन महिने निघतात. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, सासूबाई एकदा आमटीत घालणार होत्या म्हणून बरणीवर आता चिठ्ठी आहे.

याच्यातही बोअरचं पाणी आडवं येतं ते वेगळंच. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअर, बादलीला पांढरे थर बसतात, साबणाला फेस येत नाही, तेच केसांवर बसतं. शेवटचे दोन तांबे पालिकेच्या पाण्याचे ठेवते बाजूला. लोक हसतात. हसू देत.

पण परवा मला सगळ्यात जास्त लागलं ते मावशींचं नव्हतं, बिलही नव्हतं. माझी सहा वर्षांची मुलगी पार्लरच्या सोफ्यावर बसून सगळं बघत होती. तिचे केस हुबेहूब माझे. पार्लरमधल्या मुलीने माझी बट चिमटीत धरली तेव्हा लेकीने हळूच स्वतःच्या दोन्ही शेंड्या हातांनी झाकल्या. रात्री झोपताना म्हणाली, "आई, माझे पण रफ आहेत?" सोमवारी तिच्या शाळेच्या डायरीत लाल शाईने आलं, "केस नीट विंचरून पाठवावे." त्याखाली मी निळ्या शाईने लिहिलंय, "केस नीटच आहेत. कुरळे आहेत. विंचरणार नाही." आणि सही केली आहे, पूर्ण नावानिशी. बाईंना भेटायचं असेल तर शनिवारी सुट्टी आहे मला.

आता हे कानामागचे कापलेले. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. बाकीच्यांच्या बरोबरीला यायला हे वर्षभर घेणार, म्हणजे पुढचा पावसाळा उजाडणार. तोवर रोज सकाळी सहा काळ्या पिना, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला, आणि त्यातलीही एक लोकलमध्ये पडतेच.