‘एक सातारकर’ यांना उत्तर : चित्रात सातारा कुठे आहे?

नमस्कार. मागच्या लेखावर तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं : औंधच्या संग्रहालयातल्या रविवर्म्यांचं आणि आकृतीविना नुसत्या रंगांची चित्रं करणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांचं नाव एका दमात घेणं म्हणजे दोन्ही डगरींवर हात, माझी चित्रं म्हणजे गायतोंड्यांची नक्कल, एका कॅनव्हासला तीन-चार महिने लावणं हा आळसाला दिलेला मुलामा, आणि कास, अजिंक्यतारा, माहुलीची कृष्णा उशाशी असताना माझ्या चित्रांत सातारा औषधालाही नाही. शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

सातारा जिल्ह्यातल्या औंधला मी पहिल्यांदा नववीत गेले. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी १९३८ साली सुरू केलेलं ते संग्रहालय. रविवर्मा तोवर कॅलेंडरवरच पाहिलेले. मूळ तैलचित्रासमोर जरीचा काठ बघायला पुढे वाकले, तर जर गायबच! पिवळ्याचे जाडसर ठिपके, मध्ये करडा, एखादा पांढरा फटकारा. चार पावलं मागे आले की पुन्हा जर. चित्रातली गोष्ट त्या दिवशी माझ्या डोक्यातून गेली, रंग तेवढा राहिला.

गायतोंडे पुष्कळ नंतर भेटले, तेही चित्रांतूनच. ते रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची-खरवडायची पातळ सुरी) वापरायचे. रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. आपल्या कामाला कुणी ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना पटत नसे. आता सांगा, जरीजवळ वाकलेल्या मुलीला हे परकं का वाटावं? मला दोघांकडून एकच गोष्ट मिळाली : रंग हा आधी एक पदार्थ असतो.

नकलेबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. सुरुवातीची दोन वर्षं मी गायतोंड्यांची पद्धत नाही, नुसतं रूप उचललं होतं. ते सगळे कॅनव्हास मी पांढरा प्रायमर मारून पुन्हा वापरले. त्याचं दुःख नाही.

आता वेळेबद्दल. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं लिनसीड, म्हणजे जवसाचं तेल, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्याला लागतो तेवढा वेळ लागतोच, तेल जास्त तर आणखी. म्हणून खालच्या थरात रंग पातळ करणारं टर्पेंटाइन जास्त, वर जाताना तेल वाढवत न्यायचं. मी एकदा हे मोडलं. प्रदर्शनाची तारीख जवळ आलेली, खालचा तेलकट थर ओला असतानाच वर पातळ पांढरा फिरवला. वरचा आधी वाळला, खालचा नंतर हलला. महिन्याभरात उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखी भेगाळली ती पांढरी पट्टी. ते चित्र मी विकलं नाही, भिंतीला टेकवून समोरच ठेवलंय. घाई झाली की बघते.

आणि सातारा. आमच्या माची पेठेतल्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीला दर दिवाळीला चुन्याचा हात बसायचा. एका पावसाळ्यात ओल येऊन पोपडा सुटला. मी नखाने कड उचलली : वर पांढरा, खाली नीळ घातलेला चुना, त्याखाली फिकट गुलाबी, मग पुन्हा पांढरा, आणि तळाला माती. आजी म्हणाली, तो गुलाबी तुझ्या आत्याच्या लग्नातला. एका नखाएवढ्या जागेत घरातली इतकी वर्षं! मी चित्र काढते ते त्या पोपड्यासाठी. थर लावून पुन्हा खरवडते, खालचं थोडं दिसेपर्यंत.

कासला मीही जाते. पण सप्टेंबरच्या फुलांपेक्षा मे महिन्यातला उघडा सडा, म्हणजे नुसतं खडकाळ पठार, मला जास्त ओढतो. तिथला जांभा तांबडा दिसतो तो लोहामुळे, आणि माझ्या पॅलेटवरचे यलो ओकर, बर्न्ट सिएना हेही लोहाचेच रंग. त्या खडकावर तळहात ठेवून उचलला की तांबूस पूड चिकटते. ती छटा साधायला मला या उन्हाळ्यात सोळा वेळा ओकर आणि सिएना कालवावे लागले. तुम्हाला त्यात किल्ला दिसणार नाही, हे मान्य. पण तो रंग मी इथूनच उचलला आहे.

फोटोत हे थर सपाट होतात, म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगते, मूळ चित्र बघायला या. फक्त दिवाळीनंतर या. सध्याच्या कॅनव्हासचा तिसरा थर अजून बोटाला लागतोय.