आजीनं कुठला कोर्स केला होता?

सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो फॉरवर्ड पुन्हा आला. ‘आपल्या आज्यांनी कुठला कोर्स केला होता? मूल सांभाळायला माया लागते, सर्टिफिकेट नाही. कोर्सवाल्या मावश्या पगार वाढवून मागतात आणि आपल्या मुलांवर प्रयोग करतात.’ खाली अंगठ्यांची रांग. पहिल्या वेळी त्यात माझाही होता, म्हणून लिहिते. मुलं सांभाळणाऱ्या मावशींनी प्रथमोपचार आणि बालशिक्षणाचा कोर्स करावा, असं आता मला वाटतं.

आजीपासून सुरू करू. आजी वाड्यात एकटी नव्हती. जाऊ, नणंद, शेजारीण अशी चार माणसं हाकेच्या अंतरावर असायची. लहानपणी धाकटी भावंडं कडेवर घेऊन ती हे काम शिकली होती. बाणेरच्या अकराव्या मजल्यावर मावशी दहा तास एकटी असते. शिवाय आजी तान्ह्याला मध चाटवायची. वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यानं क्वचित का होईना बोट्युलिझम हा जिवाणूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार होतो, हे मायेला कसं कळणार?

घशात शेंगदाणा अडकला की मायेचा हात तोंडात बोट घालतो आणि दाणा आणखी आत जातो. वर्षाच्या आतलं बाळ श्वासासाठी धडपडत असेल तर डोकं खाली ठेवून हातावर पालथं घ्यायचं, खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्यायच्या. नाहीच निघालं तर उताणं करून छातीवर पाच दाब. पोट दाबायचं नाही. हे बाहुलीवर दहा वेळा केल्याशिवाय हातात बसत नाही.

‘हे झालं प्रथमोपचार, बालशिक्षण कशाला?’ असं एका काकांनी विचारलं. आमच्या मावशी म्हणायच्या, “ताई, रडत होता म्हणून मोबाइल दिला.” दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय. मी ते मावशींना ऐकवलं, पण मोबाइलऐवजी काय द्यायचं ते मलाही सांगता येईना. वाटी-चमचा, मटार सोलताना चाललेल्या गप्पा, चिंचोके भरायचे-ओतायचे (तीन वर्षांनंतर, आणि समोर बसून), यातून मूल काय शिकतं ते कळलं तर त्याचा कंटाळा येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत गावातल्याच वस्तू घेऊन बालशिक्षण उभं केलं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अंगणवाडी सेविकांसाठी, बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा आणि बाकीच्यांना वर्षाचा अभ्यासक्रम सुचवलाय. वस्तीतल्या मुलांच्या सेविकेला प्रशिक्षण हवं आणि आपल्या फ्लॅटमध्ये नुसती माया पुरते, हा कुठला न्याय?

प्रयोगांचं म्हणाल तर दोन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबून ए-बी-सी गिरवून घेणारे बहुतेक आपणच असतो.

पगार मात्र वाढवून मागतात, खरंय. मागू देत की! अडीच वर्षांच्या मुलाच्या फोनिक्सची, म्हणजे इंग्रजी अक्षरांचे उच्चार शिकवणाऱ्या वर्गाची, फी आपण घासाघीस न करता भरतो.

फॉरवर्डमधली एक गोष्ट मला पटते: कागदाला भुलू नये. दोन दिवसांत, एकही मूल न दाखवता सर्टिफिकेट देणारे कोर्स असतात. किती दिवस प्रत्यक्ष मुलांमध्ये काम केलं, ते विचारावं. आणि वीस वर्षं मुलं सांभाळलेल्या बाईला अडाणी समजू नये. भुकेचं रडणं कुठलं आणि झोपेचं कुठलं, हे आमच्या मावशी स्वयंपाकघरातून ओळखतात.

त्यांच्या शनिवारच्या वर्गाची फी आम्ही आणि शेजारच्यांनी मिळून भरली, शनिवारचा पगार कापला नाही. पहिल्या वर्गाहून आल्या त्या चप्पल काढता काढताच म्हणाल्या, “ताई, ती चिक्की आधी वरच्या फळीवर ठेवा.”