थर्मोस्टॅट काढून टाकावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंजिन का तापते हे घरच्या घरी कसे शोधावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि जरा कडक शब्दांत लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : निरीक्षणाचा एवढा घोळ घालण्याचे कारण नाही; थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, रेडिएटरकडे जाणारी वाट तापमानानुसार उघडणारी-मिटणारी झडप) काढून टाकावा, रेडिएटर (कूलंट निववणारी जाळी) धुऊन साधे पाणी भरावे, की विषय संपतो. आपली गाडी तीन वर्षे तशीच धावते आहे. फक्त मोठ्या चढावर एसी लावला की तापमानाचा काटा थोडा वर सरकतो. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा पत्रा) घरी तपासताच येत नाही आणि मी वाचकांना उगाच घाबरवतो, हा आपला दुसरा आक्षेप. आणि ‘इंजिन बंद करून दहा मिनिटांनी रेडिएटरचे झाकण उघडावे’ हे माझे वाक्य धोक्याचे आहे, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ते वाक्य मी लेखातून काढून टाकले आहे. बंद व्यवस्थेतले कूलंट वातावरणापेक्षा साधारण १ बार जास्त दाबाखाली असते आणि त्या दाबामुळेच ११० अंशांनाही ते उकळत नाही. झाकण सैल झाले की दाब जातो, उत्कलनबिंदू एकदम खाली येतो आणि तोवर शांत दिसणारे कूलंट क्षणात उकळून बाहेर उसळते. पाण्याची वाफ होताना आकारमान दीड हजार पटींहून अधिक वाढते, हे लक्षात घेतले तर तोंड आणि हात भाजण्याचे अपघात नेमके याच क्षणी का होतात ते कळते. म्हणून घड्याळाकडे न पाहता रेडिएटरच्या वरच्या पाइपकडे पाहावे. फडक्यात धरून दाबल्यावर तो टणक लागला तर आत दाब आहे. मऊ लागला आणि उघड्या हाताला सोसेल इतका निवला, तरच झाकणावर जाड फडके टाकून ते पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे व थांबावे. याला बहुधा तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. विजेवर चालणारा पंखा किल्ली काढल्यानंतरही अचानक सुरू होऊ शकतो, हेही मी लिहायला हवे होते. पंख्याच्या आसपास हात घालण्यापूर्वी त्याचे कनेक्टर सोडवून ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. थर्मोस्टॅट हातात घेऊन पाहिला तर वस्तू अगदी साधी आहे : पितळी डबीत मेण भरलेले, त्यात एक दांडी, बाहेर स्प्रिंग आणि एक तबकडी. मेण वितळून फुगते, दांडीवर जोर येतो आणि तबकडी आपल्या जागेवरून सरकते. बहुतेक इंजिनांत हे ८२ ते ९२ अंशांच्या दरम्यान सुरू होते आणि पुढच्या दहा-बारा अंशांत तबकडी पूर्ण उघडते. अनेक थर्मोस्टॅटना मात्र खालच्या टोकाला दुसरी, लहान तबकडीही असते आणि नेमकी तीच ‘काढून टाका’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. इंजिन थंड असताना कूलंट रेडिएटरकडे न जाता बायपासच्या वाटेने आतल्या आत फिरत राहते. मोठी तबकडी उघडत जाते तशी ही लहान तबकडी बायपासचे तोंड बंद करत जाते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला तर रेडिएटरची वाट उघडते हे खरे, पण बायपास कायमचा उघडा राहतो आणि तापलेल्या कूलंटचा काही भाग रेडिएटरचे तोंडही न पाहता परत इंजिनात येतो. सपाट रस्त्यावर याने काही बिघडत नाही. चढावर, जिथे रेडिएटरची सगळी ताकद लागते, तिथे ही उणीव उघडी पडते.

(थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी इतक्या वेगाने पळते की रेडिएटरमध्ये त्याला निवायला वेळच मिळत नाही, असेही कारण पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. प्रवाह वाढला की रेडिएटरमधून बाहेर जाणारी एकूण उष्णता वाढते, कमी होत नाही. माझा विरोध त्या कारणासाठी नाही.)

मग आपली गाडी तीन वर्षे कशी चालली? बहुधा जुना थर्मोस्टॅट अर्धवट बंद अवस्थेत अडकला असावा आणि तो निघाल्याने अडथळा गेला. म्हणजे बिघाड थर्मोस्टॅटमध्येच होता, हे आपले निदान योग्य असू शकते. पण त्यावर उपाय चांगला थर्मोस्टॅट बसवणे हा आहे. तो नसताना इंजिनाला योग्य तापमान गाठायला फार वेळ लागतो, छोट्या फेऱ्यांत तर ते गाठलेच जात नाही. इंजिन अजून थंड आहे असे समजून संगणक इंधन जास्त सोडत राहतो, मायलेज घटते आणि ऑइलमध्ये मिसळलेले इंधन व ओलावा उडून जाण्याइतकी ऊब त्याला मिळत नाही.

संशय असेल तर तपासणी सोपी आहे. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लटकवावा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी सावकाश तापवावे. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तबकडीच्या कडेला बारीक फट दिसू लागली पाहिजे. पाणी उकळायला लागले तरी फट पडली नाही, किंवा गार झाल्यावर ती मिटली नाही, तर तो बदलावा. ज्यांच्यावर शंभराच्या वरचा आकडा आहे किंवा ज्यांना विजेची जोडणी आहे, त्यांना ही कसोटी लावू नये.

साध्या पाण्याबाबत आपले अर्धे म्हणणे मला मान्य आहे. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरसच असते. अडचण वेगळी आहे. १ बार जादा दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळते, तर निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल (कूलंटमधले मुख्य रसायन) यांचे मिश्रण १२५ च्या पुढे टिकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गंज रोखणारी द्रव्ये कूलंटमध्ये असतात, नळाच्या पाण्यात नसतात. उलट त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. तीन वर्षांत किती थर धरला असेल याचा अंदाज बाहेरून येत नाही. वाटेत अडल्यावर पाणी घालून घर गाठावे, त्यात काही गैर नाही, मात्र तापलेल्या, रिकाम्या झालेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो. घरी आल्यावर मात्र डिस्टिल्ड पाण्यातले योग्य कूलंट भरावे. एथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते, त्यामुळे काढलेले कूलंट लहान मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर, झाकून ठेवावे.

ज्याला आपण निरीक्षणाचा घोळ म्हणता, त्याविषयी माझाच एक फजितीचा अनुभव सांगतो. माझी जुनी गाडी उभी राहिली की तापायची आणि चालू लागली की निवायची. मी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, कूलंट बदलले. गाडी तापतच राहिली. शेवटी पंख्याचे कनेक्टर उघडले तेव्हा दोनपैकी एक पिन काळी पडलेली आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक वितळून तपकिरी झालेले दिसले. उभ्या गाडीत रेडिएटरला वारा फक्त पंखा देतो, चालत्या गाडीत तो समोरून आपोआप मिळतो. एवढा विचार आधी केला असता तर दोन रविवार वाचले असते. म्हणून ‘गाडी कधी तापते’ हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारायला सांगतो.

उभ्याने तापत असेल तर एसी लावून पाहावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. नाही फिरला तर फ्यूज आणि रिले (पंख्याचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा स्विच) तपासावेत, मग मोटरला बॅटरीचा थेट पुरवठा देऊन पाहावा. वेगात किंवा चढावर तापत असेल तर दोष बहुधा प्रवाहात असतो : आतून चोंदलेला रेडिएटर, घसरणारा बेल्ट, झिजलेला वॉटर पंप, किंवा इंजिनाचा वेग वाढवताच आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा पाइप. रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसतो यावर जाऊ नये. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बॅटरीचा उजेड टाकला की धूळ, किडे आणि पाने यांची गादी जमलेली दिसते, जी समोरून कधीच दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाचे पाणी मारून ती काढावी. काटा वर आणि हीटरमधून मात्र गार वारा, असे असेल तर कूलंट कमी आहे किंवा एअर लॉक झाला आहे, म्हणजे कूलंटच्या वाटेत हवा अडकली आहे. कूलंट बदलल्यानंतर लगेच गाडी तापू लागली तर पहिला संशय याचाच घ्यावा.

हेड गॅस्केटबद्दल आपण म्हणता तितकी घरी असहायता नाही. रात्रभर गार झालेले इंजिन सुरू करून वरचा पाइप धरून ठेवावा. पाणी अजून कोमटही झालेले नसताना एक-दोन मिनिटांत पाइप टणक होऊ लागला, तर तो दाब उष्णतेचा नसून सिलिंडरमधल्या वायूचा असण्याची दाट शक्यता आहे. खात्रीसाठी निळ्या द्रवाचे तपासणी किट मिळते : कूलंटच्या वर साठलेली हवा त्यातून ओढायची, आणि पेट्रोल गाडीत द्रव पिवळा पडला तर जळलेला वायू कूलंटमध्ये येतो आहे असे समजायचे. कूलंटच द्रवात ओढले गेले तर चाचणी वाया जाते. ऑइलच्या झाकणाखालचा दुधी साय मात्र एकट्याने पुरावा ठरत नाही. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत तो नुसत्या ओलाव्यानेही जमतो. निदान इथपर्यंत घरी होते. हेड उतरवणे, ते वाकले आहे का हे मोजणे आणि फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करून घेणे ही कामे घरची नव्हेत, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

राहता राहिला आपला काटा. अनेक गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर खिळवलेला असतो आणि तापमान वीसेक अंशांनी बदलले तरी हलत नाही. म्हणून चढावर तो ‘थोडा’ सरकतो याचा अर्थ तापमान थोडे वाढले असा होत नाही. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याची जोडणी) छोटे यंत्र लावून खरा आकडा पाहावा. नवा थर्मोस्टॅट बसवून आणि कूलंट भरूनही तोच चढ चढताना आकडा ११० ओलांडून वाढतच राहिला, तर रेडिएटर उतरवून आतून तपासून घ्या. तोवर चढावर एसी बंद ठेवा आणि गरज पडली तर हीटर पूर्ण गरमवर लावा. थर्मोस्टॅट बसवताना त्याच्या कडेवर छोटी हलती घुंडी असेल तर ती वरच्या बाजूला येईल असे पाहा. भरताना अडकलेली हवा तिथूनच बाहेर पडते.