नवी मुंबई : जे बांधले गेले आणि जे राहून गेले

नवी मुंबईवरच्या एका लेखात तिला पूर्णत्वास गेलेले नियोजित शहर म्हटले आहे, ते मला अर्धेच पटते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर खाडीपलीकडे नवे शहर सुचवले, तेव्हा केवळ घरे बांधणे हा हेतू नव्हता. मुंबईच्या दक्षिण टोकाशी एकवटलेल्या नोकऱ्या आणि सरकारी कचेऱ्या पूर्वेकडे नेऊन रोजच्या उत्तर-दक्षिण गर्दीचा ताण हलका करणे, हे त्या कल्पनेचे मर्म होते. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पण मंत्रालय जागचे हलले नाही आणि त्याच दशकात दक्षिण टोकालाच, नरिमन पॉइंटच्या भरावावर कार्यालयांचे मनोरे उभे राहत गेले. मानखुर्द-वाशी लोहमार्ग सुरू व्हायला तर १९९२ उजाडले.

ज्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसले, त्यांचा उल्लेख लेखात कुठेच नसावा, याचे मात्र फार वाईट वाटले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली ती त्या संघर्षानंतर.