तुमच्याकडं हवा कुणाची?

22 मे 2024 च्या संध्याकाळी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक डाउनिंग स्ट्रीटवर दारासमोर छत्रीशिवाय उभे राहिले आणि 4 जुलैला निवडणूक असल्याचं सांगून होईपर्यंत त्यांचा कोट निथळायला लागला. मी वोकिंगहॅमच्या घरात भांडी पुसत होतो. ते वळून आत गेले आणि दोनच मिनिटांत साताऱ्याहून अण्णांचा फोन.

"बघितलंस का? आला बरं का हा निवडून."

"अण्णा, सगळी सर्वेक्षणं सांगतायत की विरोधातला लेबर पक्ष वीसेक टक्क्यांनी पुढं आहे."

"अरे, पण भिजलाय तो!"

सातारकरांना पावसाचं राजकारण शिकवायला जाऊ नये. 18 ऑक्टोबर 2019 ला शरद पवार भर पावसात साताऱ्यात बोलत राहिले, तेव्हा अण्णा डोक्यावर प्लॅस्टिकची खुर्ची धरून समोर उभे होते. तीन दिवसांनी मतदान झालं आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत उदयनराजे पडले. त्या दिवसापासून अण्णांच्या लेखी जाहीरनामा, जात, पैसा हे सगळं दुय्यम. भिजला तो आला.

"छत्री नव्हती का त्याच्याकडं?"

"असेल की. पंतप्रधान आहेत."

"मग मुद्दाम घेतली नाही. मुरलेला आहे गडी. शिवाय बेंगळुरूचा जावई. जावयाला कोण पाडतं?"

आमच्याकडच्या पावसाचं कुणाला काही कौतुक नाही, इथं पोस्टमनही रोज भिजतो, हे सांगून उपयोग नव्हता. त्या रात्रीपासून सहा आठवडे रोज एकच प्रश्न: "तुमच्याकडं हवा कुणाची?"

आता ही हवा काढायची कुठून? साताऱ्यात ती चहाच्या टपरीवर फुकट मिळते. माणूस पहिल्या पाच मिनिटांत तुमचं गाव, पगार आणि मत विचारून घेतो, आणि स्वतःचं तर न विचारताच सांगतो. इथं शेजाऱ्याला मत विचारणं म्हणजे त्याच्या बनियनचा नंबर विचारण्यासारखं.

तरी मी विचारलं. आमचे शेजारी सत्तरीपार, पिढीजात कॉन्झर्वेटिव्ह, म्हणजे सुनक यांच्याच पक्षाचे. कुंपणापलीकडे गुलाब छाटत होते.

"काय वाटतं तुम्हाला? कोण येईल?"

"आमचे पडणार," ते शांतपणे म्हणाले. "चौदा वर्षं झाली. पडायलाच हवेत."

"मग या वेळी तुम्ही दुसऱ्या कुणाला..."

त्यांनी कात्री थांबवली, आकाशाकडे पाहिलं आणि दुपारनंतर ऊन पडेल असं सांगितलं.

पुढं माझ्या लक्षात आलं की इथं कोण येणार हे कुणीच बोलत नाही. कोण जाणार, त्यावर मात्र सगळे तासभर बोलतात. सुनक यांच्या आधीच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सप्टेंबर 2022 च्या मिनी-बजेटनंतर गृहकर्जाचा हप्ता किती वाढला, हे लोक पेन्सपर्यंत सांगतात. त्यांची कारकीर्द एका कोबीच्या भावकीतल्या भाजीपेक्षा आधी संपली, म्हणजे एका वृत्तपत्रानं कॅमेऱ्यासमोर लेट्यूसचा गड्डा ठेवला आणि तो पंतप्रधानांपेक्षा जास्त टिकला, हेही सांगतात. रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीबद्दल, नद्यांत सोडलेल्या मैल्याबद्दल सांगतात. "म्हणून लेबर येईल?" असं विचारलं की खांदे उडवतात. ते गेले पाहिजेत. हे येतील. आलेच तर.

ऑफिसमधली एक सहकारी मात्र उघड लेबरवाली होती. मला वाटलं, चला, एक तरी मत पक्कं सापडलं.

"मी लिब डेमला देणार," ती म्हणाली. म्हणजे लिबरल डेमोक्रॅट्सना.

"पण तू तर लेबरची ना?"

"म्हणूनच."

वोकिंगहॅमची जागा 1950 पासून कॉन्झर्वेटिव्हांकडे होती. 1987 पासून जॉन रेडवुड इथले खासदार होते. या वेळी ते उभे नव्हते. लेबर आमच्याकडे तिसऱ्या नंबरवर, म्हणून कॉन्झर्वेटिव्हांना पाडायचं तर मत दुसऱ्या नंबरवाल्या लिबरल डेमोक्रॅट्सना. मी हे अण्णांना समजावलं. पलीकडं बराच वेळ नुसती पंख्याची घरघर.

"म्हणजे लेबरचं सरकार यावं म्हणून लेबरला मत द्यायचं नाही?"

"बरोबर."

"आणि हे त्या पोरीला कुणी सांगितलं?"

"लिबरल डेमोक्रॅट्सनी."

"हं," अण्णा म्हणाले. त्या एका हुंकारात साताऱ्याच्या पन्नास वर्षांच्या निवडणुका होत्या.

त्या पक्षाची पत्रकं आमच्या दारातून रोज आत पडायची. प्रत्येकावर स्तंभालेख. कॉन्झर्वेटिव्हांचा निळा उंच खांब, त्याला खेटून त्यांचा स्वतःचा केशरी खांब, आणि कोपऱ्यात लेबरचा लालसर ठोकळा. खांबांची उंची आकड्यांशी जुळेलच असं नाही, म्हणून या पक्षाचे स्तंभालेख हा इथं विनोदाचा कायमचा विषय आहे. माझं पोट आकड्यांवर चालतं, त्यामुळे मला राहवेना. मी मोजायला पट्टी काढली. बायकोनं ती हातातून घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवली. "आधी सिंक मोकळं कर," म्हणाली.

त्याच आठवड्यात मी तोंडघशी पडलो. दारात एक बाई आल्या, हातात मतदारांची यादी. मी आत या म्हटलं, पाणी विचारलं, चहा विचारला. आपल्याकडं पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, तेव्हा त्या जे विचारतील त्याला मी "हो, हो" म्हणत गेलो. त्यांनी यादीवर काहीतरी लिहिलं आणि खूश होऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर माझ्या हिरवळीत खांबावर चौकोनी केशरी बोर्ड रोवलेला. शेजारी कुंपणाशीच होते.

"छान रंग आहे," म्हणाले, आणि आठवडाभर बोलले नाहीत.

पुढं लेबरचा पोरगा आला, मग कॉन्झर्वेटिव्हांचे एक टाय लावलेले गृहस्थ. दोघांनाही मी चहा विचारला, दोघांनाही "हो, हो" म्हणालो. तीन पक्षांच्या तीन याद्यांत मी पक्का मतदार आहे. खरं तर पासपोर्ट अजून भारताचाच. पण राष्ट्रकुलातला नागरिक इथं कायदेशीर राहत असेल तर त्याला संसदेसाठी मत देता येतं. साताऱ्यात मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून जावं लागतं. व्हिसासाठी दरवेळी बोटांचे ठसे घेणारं सरकार मला मतही देऊ देतं, हे अण्णांना अजून खरं वाटत नाही.

मेअखेर लिब डेमचे नेते एड डेव्ही विंडरमिअर तलावात पॅडलबोर्डवरून पाण्यात पडले. एकदा नाही, पुन्हापुन्हा. सगळ्या चॅनलांवर तेच.

"हाही भिजला!" अण्णांचा आवाज चढला. "आता रे?"

4 जूनला तर कहर झाला. तिकडं आपल्या लोकसभेचा निकाल, एक्झिट पोल तोंडावर आपटलेले. आणि इकडं त्याच दिवशी क्लॅक्टनमध्ये रिफॉर्म पक्षाच्या नायजेल फराज यांच्यावर एका बाईनं मिल्कशेक फेकला.

"दुधानं भिजलेलं धरायचं का?" मी विचारलं.

अण्णांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी कळवलं, धरायचं. "दूध म्हणजे अभिषेकच."

4 जुलैला, गुरुवारी, सुट्टीबिट्टी काही नसताना, ऑफिसला जायच्या आधी मी चर्चच्या हॉलमध्ये मत द्यायला गेलो. ओळखपत्र दाखवायचा नियम सार्वत्रिक निवडणुकीला पहिल्यांदाच लागू झालेला. माझा भारतीय पासपोर्ट चालला. पुढं शेजारी होते, त्यांनी ज्येष्ठांचा बसपास दाखवला, तोही चालला. त्यांच्या कुत्र्याला कुणी काही विचारलं नाही.

आत दोरीला बांधलेली पेन्सिल. आणि सूचना: हव्या त्या नावापुढं फुली मारा. माझा हात थबकला. शाळेपासून फुली म्हणजे चूक. गणिताच्या वहीवर मास्तरांनी मारलेल्या फुल्या मला अजून स्वप्नात दिसतात, आणि इथं ज्याला निवडायचं त्यालाच फुली! दोनदा सूचना वाचली, मग डोळे मिटून मारल्यासारखी मारली. कुणाला, ते सांगणार नाही. दहा वर्षांत मीही इतका इंग्रज झालोय.

घरी पोचेपर्यंत अण्णांचा मेसेज: बोटाचा फोटो पाठव. इथं शाई लावत नाहीत म्हटल्यावर त्यांनी ती निवडणूकच रद्दबातल धरली.

रात्री दहाला मतदान संपलं आणि त्याच ठोक्याला एक्झिट पोल आला: लेबर 410. अण्णांनी तो निकालात काढला. महिनाभरापूर्वीची जखम ओली होती. मी पहाटेपर्यंत जागलो. लेबर 411, कॉन्झर्वेटिव्ह 365 वरून 121, लिब डेम 72. मतं मात्र लेबरला शंभरातली चौतीसच. वोकिंगहॅमही लिब डेमकडे गेलं. सकाळी शेजाऱ्यांनी कुंपणावरून माझ्या बोर्डाकडे पाहून मान हलवली. ती शाबासकी होती की सांत्वन, ते कळायला मला आणखी दहा वर्षं लागतील.

मग मी अण्णांना फोन लावला. या वेळी मीच लावला.

"अण्णा, सुनक गेले. आणि लेबरचे नेते स्टार्मर सहा आठवड्यांत एकदासुद्धा नजरेत भरेल असे भिजले नाहीत. 411 जागा."

"सुनक त्याच्या स्वतःच्या जागेवर पडला का?"

"नाही. तिथं निवडून आले."

"तो तळ्यात पडलेला?"

"आला."

"आणि दूधवाला?"

"आठव्यांदा उभे राहिले होते. आले."

"मग?" अण्णा म्हणाले. "मी काय सांगत होतो?"