काळी स्क्रीन अन् मी

चार दिवस झाले व्हर्च्युअल मशीनमधे, म्हंजी कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या खोट्या कॉम्प्युटरमधे, लिनक्स (विंडोजसारखी सिस्टीम) टाकून बसलोय, डेस्कटॉप काही दिसंना! डेस्कटॉप उघडायची स्टार्टएक्स कमांड मारली की काळी स्क्रीन, वर कोपऱ्यात एक डॅश लुकलुकतोय, डोळा मारल्यासारखा. व्हिडिओ मेमरी 16 एमबीची 128 केली, थ्रीडी बंद केलं, चालू केलं, परत बंद केलं... शेवटी दिसला तर 800 बाय 600, काडेपेटीएवढा! मोठा करायला गेस्ट टूल्स नावाचं जोड-सॉफ्टवेअर पाहिजे, त्याला कर्नलचे, म्हंजी लिनक्सच्या गाभ्याचे, हेडर्स नावाच्या फायली, हेडर्सला नेट, अन् आमच्या परभणीत नेट आलं की लाईट जाती. बरं तेबी केलं. मग अपडेट आला, कर्नल बदललं, परत काळं! काय घोडं मारलं होतं मी याचं? आई म्हणती, चांगला चालू होता की कॉम्प्युटर, आत दुसरा कामून घातलास?