बँक ओळखेना, खुर्ची सोडेना

आमचं घर देवगड तालुक्यात, सड्याच्या खाली बागेत. फायबर आलंय त्यामुळे नेट पळतं, पण मोबाईलला रेंज म्हणाल तर पडवीच्या कोपऱ्यात एक दांडी, तीही पाऊस नसला तर. म्हणजे बँकेची साईट उघडायची, पासवर्ड टाकायचा, ती म्हणणार ओटीपी पाठवलाय, की मी छत्री घेऊन पाणंदीनं वर सड्यावर, आणि तो मिळवून खाली येईस्तोवर स्क्रीनवर वेळ संपलेली. 'हे डिव्हाइस लक्षात ठेवा' असा एक चौकोन असतो, त्यात मी दरवेळी इमानदारीत टिक करतो. दरवेळी बँक नव्यानं विचारते, आपण कोण? विचारलं तर म्हणे तुमच्याच सुरक्षेसाठी. शेजारचे आबा खळ्यातनं ओरडतात, "इलो काय रे ओटीपी?" सगळ्या वाडीला माहितीये मी कोण ते, बँकेला सोडून.

आता ज्यांनी विसरावं त्यांचं ऐका. आईचे गुडघे गेले म्हणून एका रात्री नेटवर कमोडची खुर्ची शोधली, एका दुकानाच्या साईटवर किमती बघितल्या आणि शेवटी कणकवलीत जाऊन रोख पैसे देऊन घेऊन आलो. विषय संपला. खुर्चीचा नाही संपला! हापूसचे दर बघायला गेलो, बाजूला खुर्ची. गाड्यांचं पावसाळी टाइमटेबल शोधलं, खाली खुर्ची. गणपतीत चाकरमानी आले, साडूला दशावतारावरची एक बातमी दाखवायला लॅपटॉप उघडला तर बातमीच्या डोक्यावर खुर्ची, ती पण गुबगुबीत सीटवाली. साडूनं माझ्याकडे बघितलं, कमरेकडे बघितलं, आणि मोदक घेताना हात आखडता घेतला.

भाचा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. तो म्हणाला, मामा, साईटला मुळात आठवणच नसते. एक पान दिलं की आपण कोणाला दिलं हे ती विसरते, मग ऑनलाईन दुकानात निवडलेली वस्तू पुढच्या पानावर गायब व्हायची. म्हणून 1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या तरुण इंजिनियरनं कुकी काढली. साईट पहिल्या भेटीत एक लांबलचक नंबर देते, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी आपल्याला न विचारता पुढे करतो. काही कुक्या ब्राउझर बंद केला की मरतात, काहींना मुदत असते. क्रोममध्ये 2022 पासून ही मुदत जास्तीत जास्त 400 दिवस, पण आपण परत गेलो की साईट ती पुढे ढकलू शकते, म्हणजे आमच्या सोसायटीच्या पीककर्जासारखं जुनं-नवं करत कायमचं चालू.

आणि पाठीमागे लागलेला दुकानदार नव्हेच. दुकानाच्या पानात एका जाहिरातवाल्या कंपनीच्या कोडचा तुकडा बसवलेला असतो, तोच बातम्यांच्या पानात, तोच आंब्याच्या, त्यामुळे तिची कुकी सगळीकडे तिलाच चुगली करते. फक्त मी कणकवलीत रोख दिलेले पैसे तिला दिसत नाहीत. तिच्या हिशोबात आमची आई अजून ताटकळत उभी आहे.

भाच्यानं कुक्या पुसल्या. फोनमध्ये जाहिरातींसाठी वेगळा आयडी असतो म्हणे, तोही सेटिंगमध्ये जाऊन डिलीट केला. खुर्ची गेली. सोबत वीजबिल, गॅस, मेल सगळ्यांनी ओळख सोडली, सगळ्यांना ओटीपी हवा, आणि मी दिवसभर सड्यावर. बरं एवढं करून थोड्या दिवसांनी खुर्ची परत! भाचा म्हणाला, बहुतेक फिंगरप्रिंट. बोटाचा नाही, ब्राउझरचा. स्क्रीन केवढी, फॉन्ट कुठले, घड्याळ कुठल्या देशाचं, ग्राफिक कार्ड चित्र कसं काढतं, असं बारीकसारीक गोळा केलं की कुकीशिवायही माणूस वेगळा काढता येतो. 2010 साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं सुमारे 4 लाख 70 हजार ब्राउझर तपासले, तर त्यातल्या 83.6 टक्क्यांसारखा दुसरा सापडलाच नाही. त्यात ब्राउझरची भाषापण जाते. मी अभिमानानं मराठी ठेवलेली. "मामा, इंग्रजी करा, गर्दीत मिसळाल," म्हणाला. काही नको म्हटलं, ओळखू देत.

परवा आई बाजूला बसलेली असताना ती जाहिरात आली. मी घाईनं बंद करणार तेवढ्यात तिनं चष्मा वर केला, नीट वाचलं आणि म्हणाली, "ही बघ, 200 रुपयांनी स्वस्त आसा. तू केवढ्याक घेतलंस रे?"